माइनक्राफ्टमधले रून: भोपळा शेवटीच का ठेवायचा

माइनक्राफ्ट या गेममध्ये लोखंडी गोलेम, म्हणजे लोखंडाचा चालता पुतळा, करायला लोखंडाचे चार ब्लॉक आणि एक कोरलेला भोपळा लागतो. खाली एक ब्लॉक, त्याच्यावर आडवे तीन आणि मधल्याच्या डोक्यावर भोपळा. भाचीने मला हे शिकवलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि तिचा गोलेम एका झटक्यात उभा राहिला. माझा काही केल्या राहीना. ब्लॉक पुन्हा मोजले. भोपळा काढून परत ठेवला. त्याचं तोंड फिरवून पाहिलं. फोनवर पलीकडून तिचा जांभई दिल्यासारखा आवाज आला, "मावशी, गवत काढ."

पायाच्या ब्लॉकला लागून गवताचा एक झुपका उगवलेला होता. शोभेचं गवत, चालताना त्यातून आरपार जाता येतं असलं. ते तोडलं, भोपळा काढून पुन्हा ठेवला, आणि गोलेम हजर.

त्या रात्री झोप गेली ती गेलीच. गवताचा आणि गोलेमचा काय संबंध? संबंध असा, की जावा एडिशनमध्ये (गेमच्या कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत) गेम गोलेमसाठी पाच ब्लॉक मोजत नाही, तीन बाय तीनचे नऊ खण तपासतो. पाच खणांत ठरलेल्या वस्तू हव्यात. उरलेले चार, म्हणजे डोक्याच्या दोन बाजू आणि पायाच्या दोन बाजू, चक्क रिकामे हवेत. गवत, फूल, टॉर्च, बर्फाचा पातळ थर, यातलं काहीही 'रिकामं' ठरत नाही. आपल्या डोळ्याला जे दिसत नाही ते गेमच्या हिशेबात असतं.

तेव्हापासून ब्लॉक मांडून जागी होणारी जी जी जादू या गेममध्ये आहे, तिला आम्ही घरात रून म्हणतो. गेम स्वतः हा शब्द यासाठी वापरत नाही. काही सर्व्हरवर, म्हणजे अनेकांनी मिळून खेळायच्या जगांत, प्लगइन घालून खरेखुरे रून केलेले असतात: जमिनीवर नक्षी मांडा, मधल्या ब्लॉकवर राइट क्लिक करा. त्यांचे नियम त्या त्या सर्व्हरचे. मी सांगतेय ते साध्या गेममधले रून, आणि शेवटी स्वतःचा रून कसा घडवायचा ते. सगळं जावा एडिशनचं आहे. बेडरॉक या दुसऱ्या आवृत्तीत बरंचसं सारखं असलं तरी बारीकसारीक आकडे बदलतात.

रून चालत नसेल तर मी स्वतःला तीन प्रश्न विचारते. कुठल्या खणात काय हवं? किल्ली कोणती? आणि गेम बघतो कधी? पहिला प्रश्न सगळेच विचारतात. घोडं अडतं ते बहुतेक वेळा तिसऱ्यापाशी.

भोपळा आणि कवटी

गोलेमची किल्ली म्हणजे भोपळा ठेवण्याची कृती. भोपळा ठेवला जातो त्या क्षणी गेम आजूबाजूला नजर टाकतो, आकृती जुळली तर गोलेम, नाही तर नुसता भोपळा. त्यानंतर तुम्ही लोखंडाचे ब्लॉक लावत बसलात तरी गेमचं लक्ष नसतं. म्हणून भोपळा शेवटी. साधा भोपळा चालत नाही, त्याला कात्रीने तोंड कोरावं लागतं. आत टॉर्च घातलेला जॅक ओ लँटर्नही चालतो. आकृती उभीच हवी असं नाही. आडवी झोपवा, उलटी टांगा, गेम सगळ्या बाजूंनी फिरवून पाहतो. बर्फाच्या गोलेमला एकावर एक दोन बर्फाचे ब्लॉक आणि वर भोपळा पुरतो. त्याच्या बाजूच्या खणांत काय आहे याची कुणी चौकशी करत नाही.

विदर या तीन डोक्यांच्या राक्षसाचं तंत्र तेच, किंमत वेगळी. सोल सँडचे किंवा सोल सॉइलचे चार ब्लॉक त्याच टी आकारात, आणि वरच्या आडव्या तिघांवर विदर स्केलेटनच्या तीन कवट्या. पायाच्या दोन्ही बाजू रिकाम्या हव्यात. शेवटची वस्तू कवटीच असली पाहिजे. विदर स्केलेटन मारल्यावर कवटी पडण्याची शक्यता अडीच टक्के असते, म्हणजे तीन कवट्या जमेपर्यंत माणूस नेदर या पाताळासारख्या जगातल्या किल्ल्यात म्हातारा होतो.

भाच्याने इतक्या कष्टाने जमवलेल्या कवट्या घेऊन खोल खड्डा खणला. विदर खड्ड्यात अडकून राहील असा त्याचा बेत. खड्ड्याच्या तळाशी अजून एक छोटं भोक पाडून त्यात त्याने टीचा पाय रोवला, वर आडवे तीन, वर कवट्या. काही नाही. बरोबरच आहे, पायाच्या दोन्ही बाजूंना दगड होता. हे त्याच्याही ध्यानात आलं, मग त्याने पायाच्या दोन्ही बाजू कोरून मोकळ्या केल्या. तरी काही नाही! आता आकृती अगदी पुस्तकातल्यासारखी होती, पण दगड फोडणं ही काही किल्ली नव्हे. पठ्ठ्याने वैतागून मधली कवटी उपटली, 'बघू बरं नीट बसलीय का' म्हणून परत ठेवली, आणि विदर जागा झाला. हा अजून खड्ड्यातच.

विदर जन्मल्यावर अकरा सेकंद फुगत राहतो आणि मग मोठा स्फोट करतो. अकरा सेकंद पळायला पुरतात, खड्ड्याला शिडी असेल तर. तेव्हा शेवटची कवटी हातात घेण्याआधी पळायची वाट पाहून ठेवा. आणि गेमची डिफिकल्टी पीसफुल या सगळ्यांत सोप्या पातळीवर असेल तर कितीही कवट्या ठेवा, तो येत नाही.

नेदर पोर्टल

नेदरमध्ये नेणारं दार, हा बहुतेकांचा पहिला रून. ऑब्सिडियन या काळ्या, कठीण दगडाची उभी चौकट, आत कमीत कमी दोन खण रुंद आणि तीन खण उंच मोकळी जागा. बाहेरून मोजली तर चार बाय पाच. कोपऱ्यांचे चार ब्लॉक लागत नाहीत, त्यामुळे चौदाऐवजी दहा ऑब्सिडियनमध्ये काम भागतं. कोपऱ्यात माती लावा, काहीही लावा, रिकामं सोडा. जास्तीत जास्त चौकट बाहेरून तेवीस बाय तेवीस. जांभळे थेंब गाळणारं क्राइंग ऑब्सिडियन चौकटीत धरत नाहीत. नवखी माणसं पडक्या पोर्टलांतून ते गोळा करून आणतात आणि मग डोकं धरून बसतात.

ऑब्सिडियन फोडायला हिऱ्याची किंवा नेदराइटची कुदळ लागते. ती नसेल तर ओतकाम करा. ज्या खणात ऑब्सिडियन हवं तिथे बादलीने लाव्हा ओता आणि त्यावर पाणी सोडा. दहा बादल्या लाव्हा म्हणजे दहा ब्लॉक, जागच्या जागी. मी मातीचा साचा बांधून घेते, नाही तर लाव्हा पायावर येतो.

किल्ली आहे आग. फ्लिंट अँड स्टीलचीच (चकमकीचीच) हवी असं नाही. फायर चार्ज, घास्ट या उडत्या शत्रूने फेकलेला गोळा, वीज, शेजारच्या लाव्ह्यातून उडालेली ठिणगी, काहीही चालतं. अट इतकीच, की चौकटीच्या आतल्या खणात नवी आग पेटली पाहिजे. गेम बघतो तो 'आग ठेवली गेली' त्या क्षणी. चौकटीच्या तळाशी नेदररॅक (आग न विझू देणारा नेदरचा दगड) घालून आधी आग लावली आणि मग चौकटीचा शेवटचा ब्लॉक बसवला, तर आग निवांत जळत राहते आणि पोर्टल काही उघडत नाही. विझवा, पुन्हा पेटवा, उघडेल. आतले सगळे खण मोकळे हवेत. एका कोपऱ्यात राहून गेलेली टॉर्च पुरते सगळं अडवायला. तुम्ही ओव्हरवर्ल्डमध्ये, म्हणजे गेमच्या नेहमीच्या जगात, किंवा नेदरमध्ये असलं पाहिजे. एंड या तिसऱ्या जगात पोर्टल पेटत नाही.

पेटवणं सोपं. पोर्टल भलतीकडे का निघतं, हा खरा पेच. इथे जरा सावकाश जाऊ, कारण आमच्या सर्व्हरवर सगळ्यांत जास्त भांडणं याच्यावरून झालीत.

नेदरमधलं एक पाऊल म्हणजे ओव्हरवर्ल्डमधली आठ पावलं. एक्स आणि झेड या दोन आकड्यांना आठने भागायचं, उंचीला म्हणजे वायला हात लावायचा नाही. एफ-थ्री दाबलं की आकडे दिसतात. उणे आकड्यांचं उत्तर अपूर्णांकात आलं तर खालच्या बाजूला न्यायचं, म्हणजे उणे शंभरला आठने भागून उणे साडेबारा आले तर उणे तेरा धरायचे.

आता आमचं घर एक्स ३२०, झेड -१६० ला. भागून ४० आणि -२०. तिथे आमचं नेदरमधलं पोर्टल. भाच्याने डोंगरातल्या खाणीपाशी दुसरं पोर्टल बांधलं, एक्स ४००, झेड -९६ ला. भागून ५० आणि -१२. तो खाणीतून आत शिरला आणि नेदरमध्ये घराच्याच पोर्टलमधून बाहेर आला. परत फिरला तर खाणीऐवजी घरी. "मावशी, माझं पोर्टल बिघडलंय." बिघडलं नव्हतं. पोर्टलमध्ये शिरताना गेम आधी विचारतो, मी जिथे पोचणार आहे तिथे आसपास तयार पोर्टल आहे का? नेदरमध्ये जाताना तो सोळा ब्लॉकांपर्यंत शोधतो, ओव्हरवर्ल्डमध्ये येताना एकशे अठ्ठावीसपर्यंत. एक्समध्ये दहाचा आणि झेडमध्ये आठचा फरक, म्हणजे घराचं पोर्टल सोळाच्या आतच सापडलं. तयार मिळालं, मग नवं कशाला बांधायचं?

यात पुन्हा तोच तिसरा प्रश्न. पोर्टलांची जोडी पेटवताना कायमची ठरत नाही. प्रत्येक वेळी आत शिरताना शोध नव्याने होतो. म्हणून दुरुस्तीही सोपी असते: नेदरमध्ये चालत ५०, -१२ पाशी जायचं आणि तिथे हाताने पोर्टल बांधून पेटवायचं. एकाहून जास्त पोर्टल सापडली तर गेम सगळ्यांत जवळचं निवडतो, आणि अंतर मोजताना उंचीही धरतो. आता खाणीतून निघालेल्याला ५०, -१२ चं पोर्टल ऐन जागेवर मिळतं, घरून निघालेल्याला ४०, -२० चं. परतीचा हिशेबही तसाच जुळतो.

उंचीचा घोळ तेवढा लक्षात ठेवा. एकाच जागी, पण एक तळघरात आणि एक गच्चीवर अशी दोन पोर्टलं बांधायची असतील, तर नेदरमधल्या जोडीदारांनाही तेवढ्याच उंचीच्या फरकाने बांधा, नाही तर दोन्ही एकाच्याच गळ्यात पडतात. एवढ्यावरून मला न विचारता पोर्टल बांधायचं नाही असा आमच्या सर्व्हरवर नियम झाला, आणि तो कुणी पाळत नाही.

बीकन, आणि पाण्यातला त्याचा भाऊ

गोलेम आणि पोर्टल एका क्षणावर चालतात. बीकन, म्हणजे आकाशात झोत सोडून आसपासच्या खेळाडूंना शक्ती देणारा ब्लॉक, त्याचा स्वभाव निराळा. तो दर चार सेकंदांनी आपल्याखालचा पिरॅमिड मोजतो आणि वरचं आकाश पाहतो. त्यामुळे कुठला ब्लॉक आधी आणि कुठला नंतर याला इथे काही अर्थ नाही. बीकन आधी ठेवून खाली पिरॅमिड भरला तरी चालतो.

पिरॅमिडचा वरचा थर तीन बाय तीन, नऊ ब्लॉकांचा. त्याखाली पाच बाय पाच, मग सात बाय सात, मग नऊ बाय नऊ. चारही थर मिळून १६४ ब्लॉक. लोखंड, सोनं, हिरा, पाचू, नेदराइट, यांतले कुठलेही, मिसळूनसुद्धा. हिऱ्याचा पिरॅमिड लोखंडाच्या पिरॅमिडपेक्षा कणभरही जास्त काम करत नाही, तो निव्वळ श्रीमंतीचा थाट. लोखंडाच्या एका ब्लॉकला नऊ विटा, म्हणजे पूर्ण पिरॅमिडला १४७६ विटा. आत माती भरून बाहेरून लोखंड लावायची युक्ती मी करून पाहिलीय. चालत नाही, तो प्रत्येक थर आतपर्यंत मोजतो. थरातला एक ब्लॉक जरी कमी पडला तरी तो थर आणि त्याखालचं सगळं बाद.

एका थराला वीस ब्लॉकांपर्यंत असर, मग तीस, चाळीस आणि चार थरांना पन्नास. वेग आणि हेस्ट (भरभर खोदणं) पहिल्या थरापासून मिळतात, रेझिस्टन्स (मार कमी लागणं) आणि जंप बूस्ट (उंच उडी) दुसऱ्यापासून, स्ट्रेंग्थ (जोरदार वार) तिसऱ्यापासून. चौथ्या थराला रीजनरेशन (तब्येत आपोआप भरून येणं) किंवा पहिल्या शक्तीची दुप्पट मात्रा. शक्ती निवडताना एक वीट किंवा एक रत्न द्यावं लागतं, आणि निवड बदलली की पुन्हा.

माझा बीकन एकदा अचानक बंद पडला. पिरॅमिड शाबूत, एक ब्लॉक हललेला नाही. भाची मात्र सकाळपासून 'सरप्राइज' म्हणून गच्चीवर काहीतरी बांधत होती. तिने बीकनच्या बरोबर वर दगडी घुमट उभारला होता. बीकनच्या वर आकाशापर्यंत प्रकाश अडवणारं काही चालत नाही, याला अपवाद फक्त बेडरॉक नावाच्या न फुटणाऱ्या दगडाचा. घुमटाच्या टोकाला एक काच बसवली आणि दोघींची अब्रू राहिली. रंगीत काच बसवली तर झोत त्या रंगाचा होतो. तिने जांभळी निवडली.

बंद पडल्याचं लगेच कळत नाही, ते यामुळे: चार थरांच्या बीकनने दिलेली शक्ती सतरा सेकंद टिकते. झोत गेल्यावरही थोडा वेळ तुम्ही वेगाने पळत असता, आणि मग एकदम पाय जड होतात.

पाण्याखाली शक्ती देणारा काँड्युइट त्याच जातीचा, तोही ठरावीक वेळाने आपली चौकट मोजत राहतो. त्याच्याभोवती तीन बाय तीन बाय तीन पाणी हवं आणि बाहेर प्रिझमरीनची (समुद्रातल्या हिरव्यानिळ्या दगडाची) किंवा सी लँटर्नची कडी. सोळा ब्लॉकांना तो जागा होतो, बेचाळीसला पूर्ण ताकद येऊन जवळच्या शत्रूंनाही मारायला लागतो. प्रिझमरीनच्या पायऱ्या आणि अर्धे ब्लॉक हिशेबात धरत नाहीत, तेवढं सांभाळा.

पुस्तकांची चौकट

हत्यारांवर मंत्र चढवणाऱ्या एन्चांटिंग टेबलाला मी रूनच म्हणते, कारण ते भोवतालचे ब्लॉक वाचतं. टेबलाभोवती एक खण सोडून पाच बाय पाचचं कडं केलं तर सोळा जागा होतात. एक जागा दाराला सोडा, उरलेल्या पंधरा जागी पुस्तकांची कपाटं. पंधरा कपाटांना कमाल तीस लेव्हलचे मंत्र मिळतात. कपाटं टेबलाच्या पातळीवर ठेवा किंवा एक ब्लॉक वर. टेबल आणि कपाट यांच्यामधल्या खणात टॉर्च किंवा गालिचा टाकला की त्यामागचं कपाट गेलं कामातून. मोजत बसायची गरज नाही: चालणाऱ्या कपाटातून बारीक अक्षरं टेबलाकडे उडताना दिसतात. ज्या कपाटातून उडत नाहीत, तिथे मधे काहीतरी आडवं आलंय.

ती उडणारी अक्षरं खरी लिपी आहे, १९९० च्या कमांडर कीन या गेममधून आलेली. एकेका चिन्हामागे एकेक इंग्रजी अक्षर. भाचीने आठवडाभर वहीत तक्ता करून टेबलावरचे शब्द सोडवले, गुप्त ज्ञान मिळेल म्हणून. शब्द लागतात, पण ते कसेही उचललेले असतात आणि तुम्हाला मिळणाऱ्या मंत्राशी त्यांचा काडीचा संबंध नसतो. तिला हे सांगायचं काम माझ्याकडे आलं.

स्वतःचा रून

आता मजेचा भाग. हे करायला सर्व्हरचे किंवा जगाचे ऑपरेटर हक्क (कमांड चालवायची परवानगी) आणि क्रिएटिव्ह मोड हवा, आणि सर्व्हर असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये कमांड ब्लॉक चालू केलेले हवेत. कमांड ब्लॉक म्हणजे त्यात लिहिलेला हुकूम आपोआप चालवणारा ब्लॉक. तो क्राफ्ट करता येत नाही, गिव्ह कमांडने स्वतःला द्यावा लागतो. कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या असतात. मी इथे त्या कशा वाचायच्या ते सांगते.

आमचा पहिला रून 'घरी ने' होता. जमिनीत मधोमध लॅपिसचा ब्लॉक, त्याच्या चार बाजूंना क्वार्ट्झचे चार. अधिकचं चिन्ह. किल्ली: त्यावर अमेथिस्टचा एक तुकडा टाकायचा.

तीन कमांड ब्लॉक एकापुढे एक, बाण एकाच दिशेला. पहिला जांभळा, रिपीट प्रकारचा, 'ऑल्वेज अ‍ॅक्टिव्ह' वर. तो सेकंदाला वीस वेळा बघतो. पुढचे दोन हिरवे, चेन प्रकारचे, तेही ऑल्वेज अ‍ॅक्टिव्ह. हे तिन्ही त्याच क्रमाने त्याच क्षणी चालतात, आणि सगळी भिस्त त्यावरच आहे.

पहिल्यात एक्झिक्यूट कमांड. जगात पडलेल्या प्रत्येक अमेथिस्टच्या तुकड्यासाठी, तो जिथे आहे तिथून बघ. त्याच्या खाली, म्हणजे ~ ~-१ ~ ला लॅपिसचा ब्लॉक असेल तर (~ म्हणजे तुकड्याची स्वतःची जागा, पुढचा आकडा म्हणजे तिथून किती सरकायचं; क्रम एक्स, वाय, झेड). आणि ~१ ~-१ ~ ला, ~-१ ~-१ ~ ला, ~ ~-१ ~१ ला, ~ ~-१ ~-१ ला क्वार्ट्झ असेल तर. त्या तुकड्याला 'पक्का' असा टॅग लाव. कमांडमध्ये हा टॅग इंग्रजीत लिहा. प्रत्येक अट म्हणजे एकेक 'इफ ब्लॉक'. पाच अटी, सगळ्या जुळल्या तरच टॅग.

दुसऱ्यात: 'पक्का' टॅग असलेल्या तुकड्यांसाठी, ज्याने तो टाकला त्याला घराच्या आकड्यांवर टेलिपोर्ट कर. पहिल्यांदा मी इथे 'जवळचा खेळाडू' लिहिलं होतं. भाचा मुद्दाम रूनला चिकटून उभा राहायचा आणि तुकडा माझा खर्च होऊन हा घरी पोचायचा. १.१९.४ पासून एक्झिक्यूटमध्ये 'ऑन ओरिजिन' असं लिहिता येतं, त्याने वस्तू टाकणारा माणूसच पकडता येतो. फुकट्यांची सोय बंद झाली.

तिसऱ्यात: 'पक्का' टॅग असलेले तुकडे नष्ट कर. टॅग लावणं, काम करणं, पुरावा मिटवणं, असा हा क्रम. टॅगची पायरी गाळून थेट टेलिपोर्ट केलं तर तुकडा तसाच पडून राहतो आणि सेकंदाला वीस वेळा माणूस घरी फेकला जातो. हे मी स्वतः भोगलंय. दार उघडायला हात पुढे करावा आणि पुन्हा आपण अंगणाच्या मधोमध.

आकृती निवडताना एक गोष्ट बघा. गोलेमची आकृती गेम स्वतः फिरवून पाहतो, तुमची कमांड तसं करत नाही. अधिकचं चिन्ह चारही दिशांनी सारखंच दिसतं, म्हणून एका कमांडमध्ये भागतं. बाणाचा आकार केला तर चार दिशांसाठी चार वेगळ्या कमांड लिहाव्या लागतील, किंवा मांडणाऱ्याला 'टोक उत्तरेलाच' असं बजावावं लागेल. शिवाय आकृती अशी हवी, की कुणाच्या फरशीत ती चुकून तयार होऊ नये. नुसते क्वार्ट्झचे पाच ब्लॉक घेतले असते तर भाचीच्या महालात पावलोपावली रून निघाले असते.

मोठी नक्षी हवी असेल तर पंचवीस 'इफ ब्लॉक' लिहीत बसू नका. कुठेतरी आडबाजूला नमुना एकदा बांधून ठेवा आणि 'इफ ब्लॉक्स' वापरा. तो दोन जागांची तुलना करतो. शेवटी 'मास्क्ड' लिहिलं तर नमुन्यातले रिकामे खण सोडून देतो. पाच बाय पाचच्या नक्षीचा मधला खण म्हणजे तुकड्याची जागा, त्यामुळे तुलनेचा कोपरा ~-२ ~-१ ~-२ ला येतो. हे आकडे मी कायम वहीवर चौकट काढून तपासते. मनातल्या मनात केलं की हमखास एकाने चुकतं.

दोन कटकटी येतीलच. चॅटमध्ये कमांड ब्लॉकच्या संदेशांचा पूर येतो, तो कमांड ब्लॉक आउटपुटचा गेमरूल बंद करून थांबवा. आणि कमांड ब्लॉक असलेला भाग गेमच्या मेमरीत नसेल तर रून मेल्यासारखा पडून राहतो. सगळे खेळाडू लांब गेले की 'काल चालत होता, आज नाही' सुरू. त्या जागेवर फोर्सलोड कमांड चालवा, ती तो भाग मेमरीत धरून ठेवते. नमुना वेगळ्या जागी ठेवला असेल तर तिथेही.

तिसरी कटकट भाचीने शोधून काढली. तिने एकच नग टाकणाऱ्या क्यू बटणाऐवजी कंट्रोल धरून क्यू दाबलं आणि चौसष्ट तुकड्यांचा गठ्ठा एकदम रूनवर पडला. गेमच्या दृष्टीने तो गठ्ठा एकच वस्तू. ती घरी पोचली, चौसष्टही तुकडे गायब. अर्धा तास माझ्याशी बोलली नाही. पहिल्या कमांडमध्ये 'गठ्ठ्यात नग एकच असेल तर' ही अट घातली आणि तिला एक अख्खा गठ्ठा भरून दिला.

पहिला कमांड ब्लॉक तुकडा ज्या उंचीवर आहे तिथून एक ब्लॉक खाली बघतो, म्हणून रूनवर गालिचा अंथरला तरी हरकत नाही. गालिचा ब्लॉकच्या सोळाव्या भागाइतकाच जाड असतो, त्यावरून एक खाली उतरलं तरी लॅपिसच लागतं. मी हे तिला बोलता बोलता सांगितलं आणि विसरले. पुढच्या आठवड्यात तिने लाडीगोडी लावून माझ्याकडून दुसरा रून करून घेतला, मधे लॅपिसऐवजी पाचू, आणि जायची जागा तिच्या मनोऱ्याचं टोक. काल रात्री घरातली पेटी आवरताना मी अमेथिस्टचा एक सुटा तुकडा गालिच्यावर टाकला, आणि दुसऱ्या क्षणी ढगांच्या उंचीवर, कठडा नसलेल्या एका दगडावर उभी होते. फोनवर पलीकडे दोघंही खिदळत होती.